तंग दोनदा कसावा लागतो

खोगीर चढवताना घोडी पोट फुगवते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, आवळायला घेतला की ती छातीभर श्वास ओढून धरते आणि साळसूदपणे उभी राहते. तुम्ही बकल लावता, पट्टा गच्च बसला असं समजता. चार पावलं चालवली की ती श्वास सोडते, आणि त्याच पट्ट्याखाली चार बोटं सहज जातात. म्हणून थोडं थांबायचं, फिरवायचं आणि दुसऱ्यांदा कसायचं. एवढंच शास्त्र आहे. कुणालाही ते एका दिवसात येतं, आणि मला तर ते कित्येक वर्षं येत होतं.

आमचं शेत भोकरदनहून जाफराबादला जाणाऱ्या रस्त्यावर. घर शेतातच, घरामागं तबेला, तबेल्यापुढं दगडी ओटा. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गुडघ्यानं अधू होता. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढणं त्याला जमेना, म्हणून तो ओटा मीच बांधून घेतला होता. घोड्यांचा नाद त्याचा, मी आपला त्याच्यामागं ओढला गेलो. लोक ट्रॅक्टर घेतात, प्लॉट घेतात, आम्ही घोडे पाळले. दोनच होते. एक म्हातारा पांढरा, जो अजून आहे, फक्त खातो आणि माझ्यावर उपकार केल्यासारखा बघतो. दुसरी कुमैत घोडी, अंगानं तांबूस, आयाळ-शेपूट काळी.

घोडी आणली त्याच दिवशी बघायला आलेल्यांनी तिच्या छातीवरचा भोवरा शोधून काढला. अंगावरचे केस जिथं गोल फिरतात तो भोवरा. कुठं असला की शुभ, कुठं असला की वाईट, याचं आमच्याकडं मोठं ज्ञान आहे, आणि ज्यांनी जन्मात म्हशीशिवाय कशाला हात लावला नाही त्यांच्याकडं ते जास्त आहे. छातीवर मधोमध भोवरा असलेली घोडी मालकाला खाते म्हणतात. दादा हसला. "भोवरा हाये म्हणून तर स्वस्तात मिळाली," म्हणाला, "न्हाईतर अशी चाल आपल्या नशिबात होती का?" चाल खरंच तशी होती. ती रवाल चालीत निघाली की वर बसलेल्याच्या हातातला चहा सांडत नसे. दादानं तो पराक्रम करून दाखवला होता, आणि वहिनीनं चहापेक्षा कपबशीची काळजी केली होती.

आठवडा दादानं आखून दिलेला. सोमवारी सुट्टी, नुसतं चरणं. मंगळवारी, बुधवारी लांब दोरीवर गोल फिरवायचं, दोन्ही अंगांनी सारखं, कारण घोडीही एका बाजूला आळशी असते. गुरुवारी बांधाबांधानं पायी, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बाजूला चालू ठेवून, म्हणजे आवाजाची भीती मोडते. शुक्रवारी रवालीचा सराव. शनिवारी खूर कोरून साफ करायचे, भेगा बघायच्या, खरारा करायचा. रविवारी सकाळी दादाची सवारी. महिन्या-सव्वा महिन्यानं जालन्याच्या मस्तगडातून म्हातारे नालबंद चाचा येत, नाल बदलत आणि जाताना दरवेळी बजावून जात, "भाऊ, जनावर झूट न्हाई बोलत, पन पोट फुगवतं. तंग दो बार कसा."

रविवारी घोडी तयार करायचं काम माझं. दादा ओट्यावर चढायचा, मान जरा वाकडी करून एकच शब्द विचारायचा, "दोनदा?" मी हो म्हणायचो. तरीही तो वाकून पट्ट्याखाली बोटं घालून बघायचा आणि मगच बसायचा. मला याचा राग यायचा. माणूस हो म्हणतो तर मानावं की, असं वाटायचं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळीच आमचं वाजलं होतं. आदल्या दिवशी घोड्यांचा हरभरा भिजवायला मी विसरलो होतो. दादानं वहिनीसमोर आणि शेतावरच्या दोन बायांसमोर मला सुनावलं. "घोडं पाळणं म्हंजी मोटरसायकल लावून ठेवणं न्हाई. तुझ्यावर काही सोपवलं की मला मागं बघत बसावं लागतं." पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला हरभऱ्यावरून बोलणी खावी लागली याचा मला संताप आला. त्या संतापात मी खोगीर चढवलं, तंग एकदा आवळला आणि घोडी तशीच ओट्याला आणून लावली. विसरलो नव्हतो. दुसऱ्यांदा कसायचं मला ठाऊक होतं. बघत बसायचंय ना मागं, मग बघ, असं मनात होतं. तो बोटं घालणार, ढिलं सापडणार, पुन्हा बोलणार, मग मीही बोलणार. भांडण अर्धं राहिलं होतं, मला ते पुरं करायचं होतं.

तो ओट्यावर चढला. "दोनदा?"

"हो म्हटलं ना," मी म्हणालो. खरं तर तोवर मी काही म्हटलंच नव्हतं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या दिवशी बोटं घातली नाहीत. सकाळी जास्त बोललो असं त्याला वाटलं असणार, म्हणून मला राजी करायला त्यानं माझा शब्द मानला. दुसरं काही कारण मला सापडलेलं नाही. "बराबर," एवढंच म्हणाला आणि बसला. मी बोललो असतो तर दोन क्षणांचं काम होतं. मी कडब्याच्या गंजीकडं बघत राहिलो. जमिनीवरून चढला असता तर खोगीर तिथंच सरकलं असतं, मला दोन शिव्या मिळाल्या असत्या आणि आज तो हे सांगून सांगून माझी टिंगल करत असता. ओट्यावरून तो अलगद बसला.

थोड्या वेळानं घोडी एकटी परत आली. खोगीर पोटाखाली लोंबत होतं. ती पळत आली नाही, चालत आली, आणि ओट्याशी येऊन उभी राहिली. मी तंग सोडला, खोगीर काढून खुंटीला टांगलं. हे मी आधी केलं आणि मग दादाला शोधायला धावलो. एवढं लिहिताना अजून हात थांबतो.

तो नाल्याच्या वळणावर, दगडावर डोकं आपटून पडला होता. संभाजीनगरला नेलं. तिसऱ्या दिवशी गेला, मध्ये शुद्धीवर आला नाही. दवाखान्याच्या जिन्यात वहिनीनं विचारलं, "भाऊजी, झालं तरी काय?" आणि मी म्हणालो, "घोडी बिथरली."

घोडीनं यावर काय बोलावं? लोकांना तर भोवरा आठवलाच. दहाव्याला आलेला प्रत्येक जण मला बाजूला घेऊन सांगत होता की आपण आधीच म्हणालो होतो. मी मान हलवत होतो. वहिनीनं तबेल्यात पाऊल टाकणं बंद केलं. "तिला दारातून काढा," एवढंच ती म्हणायची. पण मालक खाल्लेली घोडी घेणार कोण? ती राहिली, आणि तिचं सगळं मी करत राहिलो. दादानं आखलेला आठवडा मी एक दिवसही मोडला नाही.

फक्त तिच्यावर बसलो नाही. रविवारी सकाळी मात्र खोगीर चढवायचो. तंग कसायचो, चार पावलं फिरवायचो, ती श्वास सोडायची, दुसऱ्यांदा कसायचो आणि तिला रिकामीच ओट्याला नेऊन लावायचो. ओट्यावर कुणी नसे. तरी मला तो शब्द ऐकू यायचा, मान वाकडी करून विचारलेला, अगदी कानाजवळ. मी मोठ्यानं "हो" म्हणायचो. घोडी कान वळवून माझ्याकडं नाही, ओट्याकडं बघायची. मला भीती वाटायची, खरीखुरी, भर उन्हात. मग सगळं उतरवून खरारा करायचो. असे चार वर्षांचे रविवार.

हे बाहेरच्या एकाच माणसाला कळलं. नालबंद चाचा एकदा खूर कापता कापता थांबले आणि खुंटीवरचा तंग हातात घेऊन बघू लागले. "सवारी बंद हाये ना भाऊ? मंग चमडा कसा घासून राह्यला?" मी रविवारचं सांगितलं, पुढचं सांगितलं नाही. त्यांनी तंग परत खुंटीला लावला आणि घोडीच्या छातीवर भोवऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "ये तो बाल हैं भाऊ. बालानं खोगीर न्हाई फिरत." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांना चहा द्यायचंही मला सुचलं नाही.

यंदा पुतणी, दादाची मुलगी, शिक्षण संपवून संभाजीनगरहून घरी आली, आणि आल्या आल्या घोडीवर बसायचं म्हणून हटून बसली. लहानपणी दादा तिला पुढ्यात घेऊन बसायचा. वहिनी कडाडली. "एक खाल्लं तिनं. दुसरं देऊ का?" मुलगी ऐकेना, तशी वहिनीनं माझ्याशी न बोलता जनावरांच्या एका दलालाला निरोप धाडला. तो भोवरा-बिवरा काही विचारणार नव्हता. घोडी पुढं कुठं जाणार हे त्यानं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती, आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं. सोमवारी टेम्पो येणार होता.

रविवारी सकाळी मी वहिनीला तबेल्यात बोलावलं. येईना. "एकदा या, मंग परत न्हाई बोलवणार," म्हटल्यावर पदर तोंडाला लावून दारात येऊन उभी राहिली. तोंडानं सांगायचं मी चार वर्षांत शंभरदा ठरवलं होतं, वाक्यं जुळवली होती. तिला बघितल्यावर एकही आठवलं नाही. म्हणून मी खोगीर चढवलं. तंग एकदा कसला. घोडीला चार पावलं चालवलं, तिनं श्वास सोडला.

"वहिनी, पट्ट्याखाली हात घाला."

"मी कशाला?"

"घाला तुम्ही."

तिनं भीत भीत हात घातला. चार बोटं आत गेली, मूठही गेली असती.

"त्या दिवशी एवढंच ढिलं होतं," मी म्हणालो. "दादानं इचारलं, दोनदा कसला का. मी हो म्हणालो. घोडी बिथरली न्हवती. खोगीर फिरलं."

तिनं हात काढला नाही. घोडी शांत उभी होती, वहिनीची बोटं तिच्या पोटाशी तशीच. पलीकडं म्हातारा घोडा कडबा चावत होता, तेवढाच आवाज. मला वाटलं ती ओरडेल, मारेल, आणि मला ते हवंसुद्धा होतं.

"इसरले का तुम्ही?" तिनं विचारलं.

इथं एक सोपी वाट होती. विसरलो म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. "न्हाई," मी म्हणालो. "रागात होतो."

तिनं पट्ट्याचं टोक धरलं आणि ओढायला लागली. तिला जमत नव्हतं, बकल कुठल्या भोकात घालायचं तेही कळत नव्हतं. मी हात पुढं केला.

"हात लावू नका," ती म्हणाली.

तिनं एकटीनंच कसला, दात ओठात रोवून. घोडीचं पोट बघत थांबली, आणि पुन्हा कसला. मग हात झाडून म्हणाली, "दलालाला फोन करा, येऊ नको म्हणावं. का येऊ नको तेबी सांगा. अन् भोवऱ्याचं ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांनाबी सांगा, तुमच्या तोंडानं. पोरीला कवा सांगायचं ते तुम्ही ठरवा. पन सांगायचं तुम्हीच."

दलालाला सांगितलं, तो हसला. गावात चार जणांना सांगितलं, त्यातले दोघे म्हणाले, भोवऱ्यानंच तुझ्याकडून करून घेतलं. त्यांच्यापुढं मी हात टेकले. पुतणीला अजून सांगितलेलं नाही. दर शनिवारी खूर साफ करताना ठरवतो, आणि रविवार उजाडतो.

आता रविवारी पुतणी घोडीवर बसते. नाल्याच्या वळणावर घोडी जरा थबकते म्हणे, मग पुढं जाते. आठवड्याचं बाकी सगळं माझ्याकडं आहे, दाणापाणी, दोरी, खरारा. तंग मात्र वहिनी कसते. ती येते, माझ्याशी बोलत नाही, एकदा कसते, थांबते, दुसऱ्यांदा कसते. मी लगाम धरून उभा असतो. पुतणी ओट्यावर चढते आणि बसण्याआधी मान जरा वाकडी करते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, लहानपणी बापाच्या पुढ्यात बसून ऐकलेलं असणार. लगाम माझ्या हातात असतो म्हणून ती माझ्याकडं बघून विचारते,

"काका, दोनदा?"

मी तोंड उघडायच्या आत घोडीच्या पलीकडून वहिनी म्हणते, "दोनदा."