चांद्याचं रोजचं आवतन

आमच्या जानराव बुढ्याले गावात येडा म्हनत. माह्यासमोर कोनी म्हटलं तं मी आजबी थोबाड फोडतो. तो माह्या आजाचा लहाना भाऊ.

बाळापूरच्या पल्याड, मन नदीच्या काठी आमचं गाव. समुद्रापार कुठं तरी लढाई लागली अन् इकडं आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला. लोकायनं ज्वारी सोडली, धुऱ्यापर्यंत पराटी पेरली. बैलाच्या शिंगाच्या टोकाले चांदीच्या शेंब्या आल्या. बुढ्याचा चांद्या बैल मात्र तसाच. कपायावर पांढरा चट्टा, खांद्याले घट्टा, अन् चालनं असं, जसा पाटलाचा जावई.

बुढ्याचा पोरगा शेषराव म्हने, "बाबा, हा आता अकोल्यापर्यंत भरली गाडी नाई ओढत. नत्थुजी दलाल याच्या बदल्यात गोऱ्हा देऊन राह्यला."

"अन् चांद्या?"

"रेलच्या सडकेवर गोटे वाहाले जाईन."

बुढा उठून चांद्यापाशी गेला.

पोयाच्या आदल्या सांजीले त्यानं हयद-लोनी घेतलं, पयसाच्या पानानं चांद्याचा खांदा चोयला, अन् रीत हाये तसं कानात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अजूनबी लोन्याचा वास आला का मले तो गोठा दिसते. तवाच नत्थुजी गोऱ्हा घेऊन आंगनात आला. दावं सोडा म्हने.

"थांब गा. आत्ताच आवतन देल्लं. आवतन देल्लेला पावना उपाशी हाकलू काय?"

नत्थुजीबी कास्तकाराचाच पोरगा. कानाले हात लावले. "उद्या जेवू द्या, मंग नेतो."

पोयाच्या दिशी तोरनाखाली बैल उभे राह्यले. भगवंत न्हाव्यानं चांद्याकडं पाहून झडतीचं गानं फेकलं:

"साऱ्यायले चांदी, गयात घाटी,
चांद्या म्हने, मले पायजे काठी!
हर बोला, हर हर महादेव!"

सारा गाव हासला. बुढा म्हने, "काठी कायले? मी हाओ ना." घरी मनकर्णा बुढीनं, त्याच्या बायकोनं, चांद्याले पुरनाची पोयी चारली. सांजीले नत्थुजी आला, तं बुढा पुन्हा लोन्याची वाटी घेऊन गोठ्यात. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"हे काय बुढेबाप्पा? पोया तं झाला!"

"झाला तं झाला. रोज आवतन देऊ नोका असं कोनी सांगतलं?"

असं चार दिवस. पाचव्या दिशी नत्थुजीले हासू आवरेना. "शेषराव, तुहा बाप काई हारत नाई. मी चाललो गोऱ्हा घेऊन."

शेषराव पेटला. "आता कापूस काय डोक्यावर नेशीन?"

"अर्धा अर्धा नेऊ. दोन खेपा करू."

त्या हिवायात लोकं एका खेपेत मोकये, आमच्या दोन. चढ आला का बुढा मांगून चाकाले खांदा लावे. त्याच्याबी खांद्याले घट्टा पडला. सांजीले चांद्याचं आवतन झालं का बुढी उरलेलं लोनी त्याच्या खांद्याले चोये. "घ्या, तुमीबी आवतन घ्या. जोडी झाली आता."

मंग ती लढाई सरली, कापसाचा भाव पडला, शेंब्या सोनाराकडं गेल्या. त्याच सालच्या माघात बुढा गेला.

त्याले पोचवून आलो, त्या सांजीले चांद्या कडब्याले तोंड लावेना. मान लांबवून दाराकडं पाहे. बुढी जाग्यावरून उठली नाई. शेषराव चुलीपाशी बसला होता. थोड्या वेयानं उठला, शिक्यातली लोन्याची वाटी काढली अन् गोठ्यात गेला. खांदा चोयता चोयता म्हने, "आज आवतन घ्या..." पुढचं तोंडातून निंघेना. चांद्या तसाच उभा.

मंग शेषराव त्याच्या कानापाशी वाकला. "या ना बाप्पा, उद्या जेवाले."

चांद्यानं कडब्यात तोंड घातलं.