आक्काचं लिखाण आणि सिक्युअर बूट

माझी थोरली मावशी टिळकवाडीत राहते. तिला आम्ही सगळे आक्काच म्हणतो. रविवारी कडोलीच्या साहित्य संमेलनात तिला स्वतःचं लिखाण वाचायचं होतं आणि शुक्रवारी तिच्या लॅपटॉपवर विंडोजच सुरू होईना. लिखाण त्या लॅपटॉपमध्येच होतं, दुसरी प्रत नव्हती. मला बोलावणं आलं. मी इंग्लिश मीडियमची, म्हणून इंग्रजीत बिघडलेलं सगळं माझ्याकडे येतं.

“फाइल काढ, पण वाचायची न्हाय,” आक्काने दारातच बजावलं.

“परवा शेकडो लोकांसमोर वाचणार, आणि घरच्यांना चोरी,” मावशीचे यजमान, म्हणजे काका, पेपरामागून म्हणाले.

“त्या लोकांत माझं सासर न्हाय.”

मला तिचं पटलं. माझीही डायरी कुणी उघडलेली मला चालत नाही.

मी पेनड्राइव्हवर एक छोटं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, घालून नेलं होतं. लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा आणि फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यायची, एवढंच काम. पण स्क्रीनवर लाल चौकट आली, ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’.

“पोलिसांचं काय हाय का?” आक्काने विचारलं.

“नाही गं. सिक्युअर बूट चालू आहे. बाहेरून आलेल्यावर ओळखीची सही नसेल तर लॅपटॉप ते सुरू होऊ देत नाही.”

“आमच्या हेडक्लार्कसारखाच हाय म्हणायचा,” काका म्हणाले.

एफ-टू दाबून मी सेटिंगमध्ये शिरले. सिक्युअर बूटची ओळ दिसत होती, पण फिकट. तिच्यावर जाताच येईना. दोघं पाठीशी उभी असल्यावर माझं डोकं तसंही चालत नाही. मी पाणी मागितलं, आक्का आत गेली, आणि मोबाइलवर उत्तर सापडलं. आधी सेटिंगला सुपरवायझर पासवर्ड ठेवायचा, मगच ती ओळ उघडते, असं मी मोठ्याने वाचलं.

“म्हणजे कुलूप काढायला आधी दुसरं कुलूप लावायचं?” आक्का पाणी घेऊन आली.

“व्हय,” मी म्हटलं. तिच्या घरात माझ्या तोंडून ‘व्हय’च निघतं.

पासवर्ड ठेवला, सिक्युअर बूट बंद केलं, लॅपटॉप पुन्हा लावला. या वेळी लिनक्स मुकाट्याने आलं. फाइल सापडली, पेनड्राइव्हवर घेतली. पण ती धड आहे की नाही हे उघडल्याशिवाय कसं कळणार? मी लॅपटॉप आक्काकडे वळवला आणि खिडकीबाहेरच्या पेरूकडे बघत बसले.

ती वाचायला लागली. शेवटी मी न वळताच विचारलं.

“सगळं हाय का?”

“हाय. पण एक ओळ लई वाईट लिहिलीय.” मग टाइप केल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने, “अगं, ‘हुरहूर’मधला दुसरा उकार ऱ्हस्व का दीर्घ?”

“मला काय विचारतेस? काकांना विचार.”

“त्यांना कळायला नको म्हणून तर तुला विचारतेय.”

पेपर किंचित खाली आला. मी पेरूवरची नजर हलवली नाही.

“दीर्घ असावा,” मी हळूच म्हटलं. “आणि आधी सेव्ह कर.”