सोमवारी न चालणारी फटफटी

झटके अण्णाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जमिनीपासून वीतभर वर होता. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्याच्या दारात एक उघडीनागडी फटफटी उभी होती, प्लगची वायर अण्णाच्या चिमटीत होती आणि किकही तोच मारत होता. किक बसली, अण्णा उडाला, खाली आला. मग चटणी चाखावी तशी त्यानं जीभ टाळ्याला लावली आणि मला म्हणाला, "करंट हाय बे, पण मीठ कमी." वीतभर म्हणतोय ते मी मुळात भिडस्त माणूस म्हणून. शेजारपाजारचे हातभर सांगतात.

झटके हे नाव त्याला पेठेनं दिलं होतं आणि ते त्यानं मेहनतीनं कमावलं होतं. मीटर, टेस्टर असल्या वस्तूंवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "मीटर खोटं बोलतंय. कातडं बोलत न्हाय." लोक त्याच्याकडं बिघडलेल्या इस्त्र्या, टेबलफॅन घेऊन येत. अण्णा बोट लावायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "मिळमिळीत हाय," किंवा "आता कसा, खर्ड्यावानी!" गल्लीतला एक संधिवाती म्हातारा चुकून त्या फटफटीला टेकला होता म्हणे. तो तिथून उठला तो थेट सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत पळत गेला. काठी विसरला, ती न्यायलासुद्धा परत आला नाही.

फटफटी होती मोठी नामी. होटगीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहिलेला कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना ती मागं टाकून गेला होता. डोंगरदगडांच्या शर्यतीसाठी बनवलेली. सीट भाकरीएवढी, सायलेन्सर मांडीच्या उंचीवर, टायरांना नांगराचे दात. त्या शर्यतीत वेगाला किंमत नसते. दगडगोटे, ओढे, चढ पार करायचे आणि जमिनीला पाय लावायचा नाही, बस्स. आता सोलापुरात डोंगर कुठला? सारा मुलूख देवानं पोळपाटावर लाटलेला. पण अण्णा खाणीतले ढिगारे, तलावांचे बांध, सांगोल्याकडचे कोरडे ओढे असलं काहीबाही हुडकून त्यावर चढायचा. एकदा ओढ्यातली मेंढरं त्याच्यामागोमाग दरडीवर चढली आणि खाली उतरेनात, असं तो सांगायचा. मी सांगताना फक्त मेंढरं वाढवतो.

गल्लीतसुद्धा तो पाय टेकायचा नाही. भाजीवालीपुढं गाडी जागच्या जागी उभी, दोन्ही पाय वर, आणि हा वांग्यांची घासाघीस करतोय. ती बिचारी ओरडायची, "पाय टेकव की रे बाबा, अंगावर पडशील!"

"आदी वांगी दे मावशी, मग टेकवतो."

वांगी पिशवीत पडली की तसाच निघून जायचा.

त्या फटफटीचे पॉइंट फार जळायचे. पॉइंट म्हणजे ठिणगी वेळेवर पाडणारी दोन चिमुकली टोकं. आमच्या धुळीत ती दर आठवड्याला काळी पडत आणि नवी मिळायची तर विलायतेहून. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. ट्रान्झिस्टर घरोघर आला होता. अण्णाच्या डोक्यात आलं, ट्रान्झिस्टर गाणं म्हणतो तर ठिणगी का पाडणार नाही? मेलेल्या रेडिओंची आतडी काढून, इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर लोहचुंबकाचा तुकडा चिकटवून त्यानं सगळा कारभार एका पितळी डबीत बसवला. डबी त्याच्या काकांची, पानाची. काका पुढं सहा महिने सुपारी खिशात घालून फिरत होते आणि घरच्या मांजरावर संशय घेत होते.

पहिल्या दिवशी डबी जोडली आणि आमच्या डोळ्यांदेखत तिच्यातून एवढा धूर निघाला की पलीकडच्या गल्लीत लोक बादल्या घेऊन धावले. झालं होतं ते असं. आपल्याकडं बॅटरीचं ऋण टोक सांगाड्याला जोडतात, त्या विलायती गाडीत धन टोक जोडलेलं. "जाता जाता करंटबी उलटा ठिवून गेले की बे!" अण्णा किंचाळला. मग त्यानं जोडणी फिरवली, डबी सांगाड्याला कुठंही लागू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून टाकीखाली टांगली. किक मारली. फटफटी अशी सुरू झाली की समोरच्या घरातल्या कपबशा मांडणीवरून उतरून खाली बसल्या.

आणि मग तो सोमवार आला.

अण्णा काकांच्या दुकानात शेतीपंपांचे वॉशर विकायचा. दुकान सोमवारी बंद, म्हणून बांध चढायचा दिवसही सोमवार. मंगळवार ते रविवार फटफटी एका किकमध्ये सुरू. सोमवारी सकाळी मढं. दुपारी उन्हं कलली की आपोआप जिवंत, जणू झोप काढून उठली. अण्णानं प्लग बदलला, कॉइल बदलली, वायर न् वायर बोटानं चाखली. दुपारी गाडी सुरू व्हायच्या क्षणी जे हातात असेल त्याच्यावर दोष यायचा. एका सोमवारी कॉइलवर, पुढच्या सोमवारी प्लगवर, त्याच्या पुढच्या सोमवारी माझ्यावर. "तू ढकलायला आलास की बंद पडती बे. तुझा पायगुन." मी पुढच्या सोमवारी गेलो नाही. तरी बंदच.

घरात अण्णा आणि त्याची आई, दोघंच. अव्वा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, देवाशी कानडीत बोलायची, आमच्याशी मराठीत आणि मांजराशी दोन्हींत भांडायची. अण्णा अंगणात नट-बोल्टांच्या राशीत बसलेला असला की ताट आणून ठेवायची आणि म्हणायची, "सोमवार महादेवाचा. नंदीबी इसावा घेत असंल की."

अशात पुण्याच्या एका फटफटीच्या कारखान्यातले साहेब दुकानात आले. आले होते दुसऱ्याच कामाला, पण दारात उभ्या फटफटीची डबी पाहून तिथंच उकिडवे बसले. तासभर उठले नाहीत. उठले ते म्हणाले, "होटगीच्या बांधावर चढवून दाखवा. चढली तर आमच्या टेस्टिंग खात्यात या." अण्णा तिशीला आला होता. वॉशर विकता विकता म्हातारं व्हायचं, हे त्यानं मनाशी जवळजवळ कबूल केलेलं. त्याचे डोळे असे चकाकले की दुकानातला दिवा मालवला असता तरी चाललं असतं. मग साहेब म्हणाले, "सोमवारी येतो. तुमचं दुकान बंद असतं ना?"

अण्णाचा चेहरा पाहून मला वाटलं, ह्यानं पुन्हा कुठली वायर धरली.

त्या सोमवारी उजाडता उजाडता मी ढकलायला म्हणून गेलो आणि अंगणाच्या दारातच थिजलो. अव्वा न्हाऊन ओलेत्यानं फटफटीपुढं उभी होती. हातात तांब्या. तिनं टाकीवर पाणी ओतलं, हँडलवर ओतलं, चाकावर ओतलं. मग ओल्या भस्माचे तीन पट्टे ओढले थेट डबीवर, ट्यूबवर, सांगाड्यापर्यंत. नंदीला करावी तशी पूजा. ज्या डबीला सांगाडा लागू नये म्हणून अण्णानं जीव टाकला, तिच्यापासून सांगाड्यापर्यंत ही माउली दर सोमवारी ओल्या राखेचा पूल बांधत होती! करंट ठिणगीकडं जायच्या ऐवजी त्या पुलावरून पळून जात होता. आणि आठला उठणाऱ्या अण्णाला ह्याचा पत्ता नव्हता; पट्टे त्याला धुळीचेच वाटत. आमचं ऊन दुपारपर्यंत सारं खडखडीत वाळवून ठेवायचं.

मी ओरडणार, तेवढ्यात अव्वानं दुसरा तांब्या उचलला. दोन बोटांनी ट्यूबची कड अलगद वर केली, तान्ह्या पोराचं तोंड उघडून औषध पाजावं तशी, आणि आत पाणी ओतलं.

"अव्वा!"

अण्णा माझ्या पाठीमागं उभा होता. त्या रात्री झोपलाच नव्हता तो.

अव्वा दचकली नाही. "पूजा करायलोय."

"दुसरा तांब्या कशाचा?"

"पयला देवाचा," अव्वा म्हणाली. "दुसरा माजा."

 

"कवापासून?" अण्णानं विचारलं.

"आदी नुसती पूजाच करत होतो रे. मला काय ठावं? मग बगितलं, पाणी लागलं की ही हलत न्हाय. तू घरात ऱ्हातोस. दोन घास खातोस. मनलं, महादेवालाच वाटत असंल."

"आनि आज?"

"आज मला वाटलं."

आता हा तांब्या भिरकावणार, असं मला वाटलं. मी तर मांजराला बाजूला केलं. पण अण्णा मटकन उंबऱ्यावर बसला आणि डबीतून ठिबकणारं पाणी बघू लागला. मग म्हणाला, "साहेब नवाला येनार हाय अव्वा. मी हात लावत न्हाय. तुज्या मनात असंल तर वल्लीच राहू दे. मी दुकानात जातो उद्या."

त्याच्या तोंडून एवढं हळू काही मी कधीच ऐकलं नव्हतं. अव्वा फटफटीकडं बघत होती. मग तिनं कानडीत सुरुवात केली. पुण्याला शिव्या दिल्या, साहेबाला दिल्या, गोऱ्या लोकांना दिल्या, ट्रान्झिस्टरला दिल्या, मला तर विनाकारण दोन जादा दिल्या. आणि शिव्या देता देता डबी खाली उतरवून घेतली, पदरानं पुसली, चुलीच्या उबेला धरली, फुंकणी घेऊन तिच्या कोपऱ्याकोपऱ्यात फुंकर मारत बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं असेल. चूल अजून पेटवलेली नव्हती, नुसते रात्रीचे निखारे होते, पण मी धूर म्हणतो.

होटगीचा बांध फटफटी चढली. कशी चढली ते मी इतक्या वेळा इतक्या तऱ्हांनी सांगितलंय की खरं कुठलं ते मलाच आठवत नाही. पण अण्णाचा पाय जमिनीला लागला नाही, हे सगळ्या तऱ्हांत सारखं आहे. साहेबांनी सिगारेट उलट्या बाजूनं पेटवली.

पुण्याला नोकरीवर जाताना अण्णा रेल्वेनं गेला नाही. फटफटीवरच वळकटी बांधली. अव्वानं गाडीला नुसतं लांबून कुंकू उडवलं आणि म्हणाली, "होगि बा." जाऊन ये. त्यानं मान हलवली, किक मारली, एका किकमध्ये सुरू. गल्लीच्या तोंडाशी वळला, दिसेनासा झाला. आवाज तेवढा पेठेतून, मग पुण्याच्या रस्त्यावरून बारीक होत होत विरून गेला.

अव्वा दाराला धरून उभी. तिचा कान तिकडंच.

"अजून येतोय की आवाज," ती म्हणाली. "न्हाय का रे?"

मी कान दिला. शपथेवर सांगतो, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"व्हय अव्वा," मी म्हणालो, "येतोय की."