बहिणीचा नवरा

मुलगी इथे दोह्यात इंग्रजी शाळेत शिकते. गेल्या हिवाळ्यात तिला सिसिलीच्या एका नॉर्मन राजावर प्रोजेक्ट होता. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत सांगायची. लहानपणीच बाप गेलेल्या या राजाने लढून, सौदे करून मुकुट मिळवला. पदरी अरब विद्वान, अंगरख्यावर सोन्याची अरबी अक्षरं. मला माणूस आवडला. मीही इंडस्ट्रियल एरियात जुन्या पंपांवर घासाघीस करूनच दुकान उभं केलं.

मग त्याची राणी वारली. तो खोलीत कोंडून बसला. इतका, की राजाच मेला असं लोक म्हणू लागले. ते ऐकून त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने बंड केलं.

तिथे मी तिला थांबवलं. बायको गेली तेव्हा मीही फरीज बिन ओमरान भागातल्या माझ्या फ्लॅटचं दार लावून घेतलं होतं. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मीच दोह्यात आणलं, धंदा शिकवला. त्याने बाजारात सांगितलं, "शेठ खलास. आता गावी जाणार." मी बाहेर आलो तेव्हा माझी गिऱ्हाइकं त्याच्या दुकानात चहा पीत होती. पुढे मी त्याचं तोंड पाहिलं नाही. बहिणीचंही नाही.

गेल्या महिन्यात तो हार्ट अटॅकने गेला. मुलीला घेऊन मी दोह्याबाहेर समैस्मा गावी बहिणीकडे निघालो. मनात एकच, तिने एकदा तरी म्हणावं, त्यांचं चुकलं. वाटेत मुलीला विचारलं, राजाने त्या बंडखोराचं काय केलं?

तो आधीच तापाने मेला होता, ती म्हणाली. "सो ही डग अप द बॉडी, बाबा." पुरलेलं प्रेत उकरून गावभर फरफटवलं. पुढे राजाचे मुलगेही एकेक करत गेले, एकच उरला. मी गाडीतला एसी उगाच कमी-जास्त करत राहिलो.

बहीण जमिनीवर बसली होती. माझा चेहरा तिला पाठ आहे.

"दादा, भांडायला आलायस ना? भांड. कालपासून या घरात कुणी मोठ्याने बोललेलं नाही."

सौद्यात माझी जीभ कधी अडली नाही. पण उत्तर देणाराच नव्हता. तिच्याकडून कबुली घेऊन मी ती कुणाला ऐकवणार होतो?

बॉडी गावी कधी जाणार, एवढंच विचारलं.

"उद्या."

"सोबत कोण आहे तुझ्या?"

"कुणी नाही." मी त्याच विमानाचं माझं तिकीट काढलं. राग गेला नव्हता. तो घेऊनच विमानात बसलो.