एकतीस गाड्यांचा बेत
आमच्या गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बाईमाणसाला मास्तर का, असं नवीन भाडेकरू हमखास विचारतात. शाळेत त्यांनी कधीच शिकवलं नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या चौतीस वर्षं कटिंग मास्तर होत्या. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस-पन्नास थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे नमुने मांडायचे, खडूने आखायचे आणि चिंधी कमीत कमी पडेल असं कापायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या आधी तिथे हे काम पुरुषच करायचे, त्यामुळे बाईसाठी वेगळं नाव कोणाला सुचलं नाही. कारखान्यातलं नाव घरापर्यंत आलं आणि चिकटलं.

निवृत्त झाल्यावर त्या गल्लीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहत होत्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला असते, एक रविवार सोडून एक रविवार गाडीने येते. खिडकीत बसलेल्या मास्तरांना लेकीची गाडी गल्लीत शिरताना दिसायची, मग बाहेर जाताना दिसायची, मग पुन्हा शिरताना. अर्ध्या तासाने लेक घामेजून वर यायची आणि म्हणायची, "आई, तुझ्याकडे येणं सोपं आहे गं, गाडी लावणं कठीण आहे."

गल्ली आमच्या चार इमारतींचीच आहे. तीनशे फूट लांब, चोवीस फूट रुंद आणि शेवटी बंद. इमारती बांधल्या तेव्हा सगळ्या मिळून सहा गाड्या होत्या. आता एकतीस झाल्या. कोणी प्लास्टिकची खुर्ची ठेवून जागा धरायचं, कोणी कुंड्या मांडायचं. काचेवर चिठ्ठ्या लागायच्या आणि दर चिठ्ठीगणिक भाषा घसरत जायची. मीही एक-दोन लिहिल्या आहेत, नाकारत नाही.

मग एका सकाळी, दहाच्या सुमाराला, चौथ्या इमारतीतल्या निवृत्त पोस्टमन काकांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स सात मिनिटांत आली आणि तिसऱ्या फाटकापाशी अडकली. दोन्ही बाजूंना गाड्या भिंतीपासून हातभर लांब, त्यातल्या एकीचं नाक पुढे आलेलं. शेवटी आम्ही चौघांनी काकांना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं आणि खुर्चीसकट उचलून नेलं. घामाने डबडबलेले काका वरून सांगत होते, "डावीकडून घ्या, तिथे खड्डा आहे." या गल्लीत त्यांनी तीस वर्षं पत्रं वाटली होती. नऊ दिवसांनी ते धडधाकट घरी आले, पण त्या खुर्चीचं वजन मी विसरलेलो नाही.

त्यानंतरच्या रविवारी सभा भरली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नकाशा काढून आणला होता. दोन्ही बाजूंना एकसारखे चौकोन, प्रत्येक एकोणीस फुटांचा, शेवटी अँब्युलन्स वळायला मोकळी जागा. चौकोन भरले सव्वीस.

"आणि उरलेल्या पाच गाड्या?" कोणीतरी विचारलं.

"चिठ्ठ्या टाकू. ज्यांचं नाव येणार नाही, त्यांनी बाहेर सोय बघायची."

यावर जो गलका झाला तो पाच मिनिटं थांबेना. तो जरा ओसरल्यावर मागच्या बाकावरून मास्तर म्हणाल्या, "सगळ्यांना एकाच मापाचा सदरा कशाला शिवताय?"

सेक्रेटरी आधीच वैतागलेले. "मास्तर, तुमच्याकडे तर गाडीच नाही."

"नाही ना. म्हणून मी स्वतःसाठी जागा राखतेय असं कोणी म्हणू शकणार नाही. पंधरा दिवस द्या. नाही जमलं तर टाका चिठ्ठ्या."

लोक इतके कंटाळले होते, की कोणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी माझं दार वाजवलं. शिवणाची टेप पाच फुटांचीच असते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी मोठी टेप मागून आणली होती आणि तिचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. त्या वेळी सगळ्या गाड्या घरीच असतात. आम्ही एकेक गाडी मापली. लांबी, आरशांसकट रुंदी, भिंतीपासूनचं अंतर. वहीत त्या आणखीही काही लिहीत होत्या. कोण किती वाजता निघतं, कोणाचा गुडघा दुखतो म्हणून दार पूर्ण उघडावं लागतं, कोणाकडे मागच्या सीटवर तान्हं मूल आहे.

"याचा काय उपयोग?" मी विचारलं.

"नुसत्या छातीचं माप घेऊन कोट होतो का? माणूस हात कसा हलवतो तेही बघावं लागतं." मग त्या वाकून भिंत आणि चाक यांच्यामधल्या जागेकडे बघत राहिल्या. "दीड फूट. इथे दोन फूट. अहो, अर्धी गल्ली तुम्ही चिंधीत घालवताय."

घरी त्यांनी खाकी कागदाच्या एकतीस गाड्या कापल्या. एका फुटाला अर्धा इंच. त्या मापाने आमची गल्ली त्यांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, बरोबर मावली. फरशीवर खडूने भिंती आणि फाटकं आखली, आजूबाजूला कागदाचे ताव पसरलेले. लहान गाड्या लहान गाड्यांशेजारी, लांब लांबांशेजारी, लवकर निघणाऱ्या तोंडाशी. त्या रविवारी लेक आली, तर दारातच उभी राहिली.

"आई, मी पाय कुठे ठेवू?"

"फाटकात ठेव. फाटकं मोकळीच ठेवायची आहेत."

लेक फाटकाफाटकातून उड्या मारत स्वयंपाकघरात गेली आणि चहा टाकून आली. मग दोघी मायलेकी कप हातात घेऊन फरशीवर बसल्या आणि दुपारभर कागद सरकवत राहिल्या. लेकीने मला नंतर सांगितलं, लहानपणापासून आईचं काम तिने कधी पाहिलंच नव्हतं. कारखान्यात मुलांना आत सोडत नसत.

संध्याकाळपर्यंत तीस गाड्या बसल्या. एकतिसावी काही केल्या बसेना.

सेक्रेटरींना हे कळताच ते म्हणाले, "मग सोपं आहे. गाण्याच्या बाईंची गाडी काढा. चार वर्षं एका जागी पडली आहे."

ते खरंही होतं. तिसऱ्या इमारतीत गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांची छोटी करड्या रंगाची गाडी कापडाखाली झाकलेली असायची, चारही चाकं बसलेली. ती त्यांच्या यजमानांची. ते गेल्यापासून गाडी हलली नव्हती. बाईंना चालवता येत नाही. गल्लीत सगळे त्या गाडीवरून कुरकुरायचे, पण बाईंसमोर मूग गिळून बसायचे.

मास्तर दुपारी त्यांच्याकडे गेल्या. पुढचं मला मास्तरांकडूनच कळलं.

बाईंनी दार उघडलं आणि बसा म्हणायच्या आधीच बोलल्या, "गाडी विका म्हणायला आला असाल तर सांगून टाका, मास्तर. मी वाटच बघत होते."

"विका म्हणायला नाही आले. तिचं काय करायचं ते विचारायला आले."

बाईंनी त्यांना आत घेतलं. मग म्हणाल्या, "दुपारी शिकवणी नसली की मी जाऊन तिच्यात बसते. बाजूच्या सीटवर. तास-अर्धा तास. लोक हसतील म्हणून कापड पूर्ण काढत नाही."

"आमच्या ह्यांचा चष्मा अजून माझ्या शिवणाच्या मशीनवर आहे," मास्तर म्हणाल्या. "दर दोन दिवसांनी पुसते. मला कोण हसणार?"

मग त्यांनी विचारलं, "गाडी कुठे असावी असं काही आहे का? घराच्या खिडकीतून दिसायलाच हवी वगैरे?"

"छे. सावली असली म्हणजे झालं. दुपारी आत फार तापतं हो."

मास्तर घरी न जाता तशाच गल्लीच्या टोकाला गेल्या. तिथे पंपाची खोली आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक बोळकांडी आहे. आठ फूट रुंद, सोळा फूट लांब. फुटक्या फरश्या आणि जुनी पाण्याची टाकी पडलेली, वर झाडाची सावली. ती जागा आम्ही कोणी मोजलीच नव्हती, कारण तिथे गाडी चालवत घालता येत नाही, वळण मिळत नाही. रोज बाहेर काढायच्या गाडीला ती निरुपयोगी. पण जिला बाहेर काढायचंच नाही, तिला काय अडचण? मास्तर मला सांगत होत्या, "कापडाच्या टोकाला तिरका तुकडा उरतो ना, त्यात कॉलर बसत नाही, पण खिशाची पट्टी बसते. आधी दिसायला हवं इतकंच."

शनिवारी सकाळी गॅरेजवाल्याने चाकांत हवा भरली. आम्ही दहाजण ढकलायला उभे राहिलो, नुकते बरे झालेले पोस्टमन काका सूचना द्यायला. स्टिअरिंगवर कोण बसणार असा प्रश्न आला, तेव्हा गाण्याच्या बाई चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या सीटवर. गाडी कुरकुरली, मग हलली आणि गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू गेली. तिथे मागची बाजू उचलून उचलून, वीतभर वीतभर सरकवत आम्ही ती बोळकांडीत बसवली. बाई उतरल्या, दार लावलं, छतावर हात फिरवला. "वळवताना फारच जड जातं हो हे चाक," एवढंच म्हणाल्या, पण चेहरा उजळला होता.

एकतीसच्या एकतीस बसल्या. मास्तरांनी रेघांना लगेच रंग लावू दिला नाही. "आधी कच्चा टाका घालायचा. महिनाभर खडू. कुठे काचतंय ते कळू दे."

आणि माशी शिंकली ती पहिल्या इमारतीत दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांपाशी. त्यांची जागा दोन गाड्यांच्या मधोमध आली होती. पहिल्या तीन दिवसांत त्यांनी गाडी तिथे एकदाही लावली नाही, पहिल्या फाटकासमोरच आडवी ठेवली. विचारलं तर म्हणायचे, "पेशंट येतात, मला दाराजवळच लागते." सेक्रेटरी नोटीस काढायला निघाले. मास्तर म्हणाल्या, थांबा, आणि आपली एक दाढ दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या. दाढ तशीही दुखत होतीच.

खुर्चीत आडव्या झालेल्या मास्तरांच्या तोंडात आरसा घालून डॉक्टर काही वेळ दाढ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, कोणाला सांगू नका. मला मागे घेत दोन गाड्यांच्या मधे लावता येत नाही. बावीस वर्षं गाडी चालवतोय. दोनदा लोकांचे आरसे फोडलेत, तेव्हापासून हातच चालत नाही." मास्तरांचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. बहुधा म्हणूनच डॉक्टर एवढं बोलले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तीन गाड्यांची अदलाबदल केली. डॉक्टरांना फाटकाला लागून असलेली टोकाची जागा मिळाली, जिथे गाडी सरळ नाकासमोर आत जाते. कारण कोणी विचारलं तर मास्तर म्हणायच्या, "त्यांच्या गाडीचं माप तिथे बसतं." डॉक्टरांचं गुपित मीही इथे फोडायला नको होतं, पण पुढे त्यांनी स्वतःच ते सगळ्यांना हसत सांगितलं, म्हणून हरकत नाही.

महिन्याभरात आणखी सात-आठ फेरफार झाले. मग एका सकाळी गल्ली रिकामी करून आम्ही पांढऱ्या रेघा मारल्या. कुरबुरी पूर्ण संपल्या असं नाही. कोणी घाईत रेघेवर चाक ठेवतं, मग दुसरा घसा खाकरतो. पण गल्लीच्या मधोमध आता बारा फूट वाट कायम मोकळी असते आणि संध्याकाळी मुलं तिथे सायकली शिकतात.

परवा शेजारच्या गल्लीतले दोन गृहस्थ मास्तरांना भेटायला आले. त्यांच्याकडे अठ्ठेचाळीस गाड्या आहेत आणि गल्ली मधेच कोपरासारखी वळते. मी तेव्हा तिथेच होतो. एकाने गाड्यांची यादी पुढे केली.

"मापं अंदाजे लिहिली आहेत," तो म्हणाला.

मास्तरांनी यादी न वाचताच परत दिली. "अंदाजे नको. गुरुवारी सकाळी सहाला मी येते. कोणीतरी चहा तेवढा तयार ठेवा."

ते गेल्यावर त्या खिडकीशी जाऊन शेजारच्या गल्लीच्या दिशेने बघत राहिल्या. तिथून गल्ली दिसत नाही, नुसती छपरं दिसतात. तरी बराच वेळ त्या बघत होत्या आणि बोटांनी खिडकीच्या कठड्यावर काहीतरी आखत होत्या.