वर्षाच्या आतलं गाणं

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर गाणं-बजावणं नाही. बायको गेली आणि मीच रेडिओ कपाटात टाकला. टीव्हीवर बातम्या तेवढ्या, त्याही आवाज बारीक करून. आमच्या गिरीज गावची जुनी घरं असंच पाळतात.

नात नववीत आहे. शाळेच्या नाटकात तिला मोठ्या मुलीचं काम मिळालं. परदेशातलं जुनं, गाण्यांचं नाटक, लढाईच्या दिवसांतलं. बापाची बायको मेलेली, घरात पोरांची रांग, आणि बापाने घरात गाणं बंद केलेलं. हे मला सुनेने सांगितलं.

मी म्हटलं, "बरोबर आहे त्याचं. वर्ष झालं नसेल."

सून हसली नाही. "बाबा, तिला गाणं आईंनी शिकवलं. भाजीच्या जुड्या बांधताना दोघी गात बसायच्या."

ते खरं. मेथीची जुडी, केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ आणि बायकोचं गाणं, सगळं एकदम चालायचं. गाणं थांबलं की मी समजायचो, टोपली भरली.

नात तालमीला वाडीतल्या पंपाच्या खोलीत जायची. दार लावून, पंप चालू ठेवून, म्हणजे मला ऐकू येऊ नये. यायचंच. मी "कर नाटक" म्हटलं नाही आणि "नको" पण म्हटलं नाही.

मग माझी मोठी बहीण आली. "वर्ष नाय झालं नि घरची पोर स्टेजवर गानार? लोक काय बोलतील?"

"लोक मला जेवन घालतात काय?"

"ती गेली नि तुझी अक्कल पन घेऊन गेली."

"तिचीच होती ती," मी म्हटलं. बहीण चप्पल घालून निघाली. मग मी नातीला सांगितलं, कर नाटक.

नाटक बघायला गेलो. सगळं इंग्रजीत. मी चौथी शिकलेला, एक अक्षर कळलं नाही. त्या बापाला दीड तासात नवी बायको पण मिळाली, त्याचा मला रागच आला. पण पोरं गात होती आणि तो दारात उभा राहून ऐकत होता, मग हळूच त्यांच्यात गायला लागला, ते कळलं. पुढे शिपाई आले, घर सोडून सगळे पळाले. त्याच्या दारात लढाई होती, तरी तो गायला. माझ्या दारात कोण होतं?

दुसऱ्या दिवशी नात माझ्यासमोर जुड्या बांधायला बसली. मी म्हटलं, "गा की आता."

"इथे नको, आजोबा. वर्ष व्हायचंय ना."

"अगं, मी सांगतोय."

"तिथे वेगळं होतं," ती म्हणाली. "इथे आजी नाहीये."

खाली मान घालून तिने सोपट ओढलं. गाठ थेट आजीची. टोपली कधी भरली ते मला कळलंच नाही.