सुकदेवच्या मारुतीचा खरा आकडा

सुकदेव पाटलाचा राग आधी कानाच्या पाळ्यांत दिसतो. हा शिरपूरचा माणूस बावीस वर्षं खडोलीच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो आहे. चिमणीचा धूर नुसता पाहून आत हवा कमी पडतेय की इंधन जास्त झालंय, हे तो बिनचूक सांगतो. त्या दिवशी त्याच्या पाळ्या लालभडक झाल्या, कारण हृषीकेश साहेब त्याच्या गाडीला हसले.

साहेब पुण्याचे, देखभाल विभागातले इंजिनियर. सुकदेवची सत्त्याण्णव सालची मारुती साऱ्या कारखान्याला ठाऊक. सहा वर्षांचे रविवार घालवून त्यानं तिला दुसरा कार्बोरेटर बसवला होता, रुंद सायलेन्सर स्वतः वेल्ड केला होता. किलवणीच्या रस्त्यावर ती भल्याभल्या गाड्यांना मागे टाकायची.

"असली छेडछाड केलेली इंजिनं धूरच ओकतात रे," साहेब म्हणाले. "पीयूसीला गाडी नेतोस कशाला? त्या पीयूसीवाल्या योगेशला फोटो पाठव, सर्टिफिकेट येईल. मी माझ्या नव्या गाडीचं तसंच घेतलं."

"मले नै जमत तसं," सुकदेव म्हणाला. "उद्या या तुम्ही पण. नापास झाली तर तुमच्यासमोर दुसरा कार्बोरेटर काढून भंगारात टाकतो."

सगळं बॉयलर हाउस ऐकत होतं. आता माघार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पीयूसी केंद्रावर, साहेबांसमोरच, योगेशनं मारुतीच्या नंबर प्लेटचा फोटो काढला आणि हात झटकले. "हो गया काका, जाव."

"नळी घाल."

"चालशे ने काका! कोण बघतंय?"

"मी बघतोय. घाल!"

योगेशनं कुरकुरत तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये खोचली. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा होती तीन टक्के. पडद्यावर आकडा आला, शून्य पॉइंट तीन.

"पास!" योगेश ओरडला. साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

सुकदेवनं कागद खिशात घालून खुशाल घरी जायचं. कुणाच्या बापाला कळणार होतं? पण तो आकडा त्याला स्वतःलाच पटेना. दोन कार्बोरेटरच्या इंजिनात इंधन इतकं स्वच्छ जळणं शक्य नव्हतं. तो खाली वाकला. रुंद पाइपात नळी सैल बसली होती आणि सरकून तोंडाशीच लोंबत होती. धुराबरोबर बाहेरची हवाही ओढत होती. बॉयलरवर असं माप घेणाऱ्याला त्यानं हाकलून दिलं असतं.

त्यानं नळी वीतभर आत ढकलली आणि हातानं धरून ठेवली.

एक पॉइंट चार. दोन पॉइंट एक. दोन पॉइंट सहा.

"काका, रहने दो ना!" योगेश कळवळला.

दोन पॉइंट आठ. पाइप तापला होता, बोटं भाजत होती. सुकदेवला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण हात त्यानं काढला नाही. आकडा दोन पॉइंट नऊवर गेला आणि तिथंच राहिला.

"पास," योगेश या वेळी हळूच म्हणाला.

सुकदेव उठला. नळी अजून हातातच होती. त्यानं ती साहेबांच्या चकचकीत नव्या गाडीकडे रोखली.

"साहेब, आता तुमची घ्या मागे, नळीपाशी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अरे, माझी मीटिंग आहे."

"करून या," सुकदेव म्हणाला. "मी थांबतो."